गोल खोलीतला संसार

माझी आणि ह्यांची ओळख एका खांबावरून झालेल्या भांडणातून झाली.

वसईच्या बाजारात सांडोरकडून येणारा रस्ता स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला जिथं मिळतो, त्या कोपऱ्यावर एक जुनी व्यापारी इमारत होती. विलायतेच्या राणीच्या राज्यात मुंबईच्या कुणा शेठनं बांधलेली. सगळे तिला 'घुमटाची पेढी' म्हणत. खाली दगडी कमानींची रांग, कमानींपुढे ओतीव लोखंडाचे खांब, खांबांच्या माथ्यावर लोखंडाचीच पानं. वर माडी, माडीला नक्षीदार कठडा. आणि कोपऱ्यावर, जिथं दोन भिंतींनी एकमेकींना भेटून काटकोन करायचा, तिथं काटकोन नव्हताच. तिथं इमारत गोल वळून बुरुजासारखी वर गेली होती. तिच्या डोक्यावर जस्ताच्या पत्र्याचा घुमट आणि घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा. कोंबडा गंजून एकाच जागी अडकला होता. वारा कुठूनही येवो, कोंबड्याच्या मते तो कायम अर्नाळ्याहूनच येई.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. सांडोरहून बाबांच्या गाडीतून नाहीतर चालत येई आणि त्या कमानींच्या सावलीतून शाळेला जाई. एका सकाळी रस्त्यात दहा-बारा मुलगे मांडीवर फळकुटं घेऊन चित्रं काढत बसलेले, आणि त्यांच्या मागे एक उंच, सडपातळ मास्तर हातात खडू धरून उभे. मी सोडावॉटरच्या दुकानाशी थांबले होते.

"बाई, जरा बाजूला व्हा," मास्तर म्हणाले. "तुम्ही माझ्या खांबापुढे उभ्या आहात."

"खांब तुमचा आहे होय? मला वाटलं शेठचा आहे."

मुलगे खी खी करून हसले. मास्तर हसले नाहीत. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "शेठनं तो नुसता विकत घेतला. बघतो मीच."

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी बाजूला झाले, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच खांबापुढे जाऊन उभी राहिले.

ते हायस्कुलात चित्रकला शिकवत. गाव कामणच्या अलीकडचं, खाडीकाठचं, घरी भातशेती. पुढे कितीतरी महिने मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडून ती इमारत शिकले. कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड काढला तर सगळी कमान कशी खाली येईल, खांब वर निमुळते का होत जातात, कोपरा कापून त्यात दार का बसवलं. "दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक एकाच दारातून आत यावं म्हणून," ते म्हणाले. "मालक हुशार होता. त्यानं कोपरा गमावला आणि बाजार कमावला."

त्या दारावर चुन्यात केलेला एका बाईचा चेहरा होता, केसांत द्राक्षांचे घोस माळलेला. बाजारातल्या बाया तिला राणी समजत आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालत. हे म्हणाले, "ही कसली राणी! साच्यातली नक्षी आहे. मुंबईत अशा शेकडो दारांवर ही बसलेली आहे."

"मग तिला सांगू नका हं," मी म्हटलं. "इतकी वर्षं माळ घेतेय ती."

तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मला वाटतं, त्याच क्षणी सगळं ठरलं. बोललो आम्ही नंतर.

ठरलं आमचं. घरच्यांचं मात्र काही ठरेना. आमची जात वेगळी, बोली वेगळी. आमच्याकडे केळी-पानवेलींची बाग, त्यांच्याकडे खाडीच्या बांधाआतली भातखाचरं. लग्नाच्या बाबतीत ते अंतर विलायतेइतकं होतं. बाबा म्हणाले, "गेलीस तर परत ह्या वाडीकडे बघू नकोस." ह्यांचे वडील म्हणाले, "आपल्या घरात कोलीम येतो, बोंबील येतो. मास्तरीन यायची नाय." दोन्ही आया पदराला डोळे पुसत बसल्या, पण नवऱ्यापुढे बोलायची रीत दोन्ही घरांत नव्हती.

आम्ही ठाण्याला जाऊन नोंदणीनं लग्न केलं. येताना ह्यांनी मला मोगऱ्याचा गजरा घेतला आणि मी ह्यांना एक चांगली पेन्सिल. गाडीभर आम्ही एकमेकांकडे बघून हसत होतो. वसईत उतरलो तेव्हा लक्षात आलं की राहायचं कुठं, हे दोघांनीही विचारात घेतलं नव्हतं.

"एक जागा आहे," हे म्हणाले. "पण ती कुणी घेत नाही."

ती जागा म्हणजे पेढीच्या कोपऱ्यावरची, घुमटाखालची गोल खोली. खाली पेढी सांभाळणारे मेहताजी म्हातारे गुजराती गृहस्थ होते, जन्म वसईत गेलेला. केळी, पानं, भात, गूळ, सगळ्या गावांचा माल त्यांच्या हातून जाई. त्यांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "घ्या, पण पाछळथी मला बोल लावू नका. मोठ्या शेठची बेसवानी जगा होती ती. शेठ गेले, मग एक वकील आला, पळाला. एक शिंपी आला, तोही पळाला."

"का? भूतबीत आहे?" मी विचारलं.

"भूत नाय रे बेन. कपाट लागत नाय."

खरंच होतं ते. संसार चौकोनी असतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. खाट भिंतीला लावावी तर तिचे दोन पाय भिंतीला टेकत आणि मधे पोकळी राही; उशी त्या पोकळीत पडे. ट्रंक लावली तर तिच्यामागे मांजर राहील एवढी जागा. फळी ठोकली तर ती दोन टोकांवर टिकून मधे हवेत. शेवटी ट्रंक तेवढी भिंतीशी ठेवून आम्ही बाकीचं सामान ओढून खोलीच्या मध्यावर आणलं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं राहू लागलो. सकाळी जाग आली की कुठल्या बाजूला डोकं आहे तेच कळत नसे. डोळे चोळत उठून हे दरवाजा समजून खिडकीकडे जात आणि खालच्या टांगेवाल्यांना नमस्कार करून परत येत.

मी त्या दिवसांत किती हसत असे ते सांगून खरं वाटणार नाही. भात करपला की हसू, पाणी सांडलं की हसू. संध्याकाळी हे घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून "ओ" म्हणत. घुमट तो "ओ" फिरवून फिरवून परत देई आणि मी त्याच्याभोवती गिरक्या घेत राही, चक्कर येऊन खाली बसेपर्यंत. दोन शिक्षक होतो आम्ही. दिवसभर मुलांना 'शांत बसा' म्हणून सांगत होतो.

खोलीला पाच खिडक्या होत्या. डावीकडच्या दोन सांडोरच्या रस्त्यावर उघडत, उजवीकडच्या दोन स्टेशनच्या रस्त्यावर, आणि मधली टांगा-स्टँडवर. रविवारी बाजार भरे. त्या दिवशी शाळांना सुट्टी, म्हणून आम्ही खिडक्यांशी बसून राहत असू. डावीकडून बाबांची बैलगाडी येई, केळीचे घड आणि पानांच्या करंड्या लादलेली. थोड्या वेळानं उजवीकडून ह्यांचे वडील येत, भाड्याच्या गाडीवर भाताची पोती आणि आपण पायी. दोघांचाही माल घुमटाच्या पेढीवरच उतरे. पिढ्यान् पिढ्या तसंच चाललेलं. दोघांनाही माहीत होतं की वर कोण राहतं. आणि दोघंही वर बघत नसत. बाबा मान इतकी खाली घालत की बैलांना आपला रस्ता आपणच शोधावा लागे. माझे सासरे तर कोपरा जवळ आला की डोक्यावरचं मुंडासं पुढं ओढत.

"तुझ्या बाबांनी आज डावा डोळा वर केला," हे म्हणत.

"तुमच्या वडिलांनी मुंडाशाला भोक पाडलंय बहुतेक," मी म्हणे, आणि "असे कमरेवर हात ठेवून चालतात ते!" म्हणत सासऱ्यांची चाल करून दाखवी. ते किंचित फेंगडे चालत. ह्यांना इतकं हसू येई की ते जमिनीवर आडवे होत. मग हे माझ्या बाबांचं खाकरणं करून दाखवत. दर रविवारी आमचा हा खेळ चाले. एकीकडे हसायचो आणि एकीकडे कान जिन्याकडे लावायचो; पण गाड्या रिकाम्या होऊन परत जात, आणि जिन्यावर कुणाचंच पाऊल वाजत नसे.

थंडी सुरू झाली आणि मला दिवस गेले. चक्कर येऊ लागली, पण त्या खोलीत ती मला लवकर कळलीच नाही. कळल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे तोंडात मारल्यासारखे बघत राहिलो, आणि मग हे खाली जाऊन गूळ आणि शेंगदाणे घेऊन आले, कारण दुसरं काय आणायचं असतं ते त्यांना सुचलं नाही.

त्या रविवारी मी खिडकीत बसून म्हटलं, "मला काही नको. फक्त आईच्या हातची सुकेळी हवीत." राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी ही आमच्या घरची खासियत. "एक जरी मिळालं ना, तर मी दुसरं काही मागणार नाही."

पुढच्या रविवारी दुपारी दार उघडलं तर कडीला सुकेळ्यांची जुडी बांधलेली. जिन्यावर कुणी नाही.

मी ती नाकाला लावून रडले, मग सगळी एकटीनं खाल्ली. "कुणाला कळलं?" मी ह्यांना विचारलं. "मी तर तुमच्याशिवाय कुणाला बोलले नाही."

हे म्हणाले, "दारावरच्या राणीनं ऐकलं असेल." आणि त्यांच्या डोक्यात आलं की आपणही मागून बघावं. पुढच्या रविवारी ते खोलीच्या मध्यावर उभे राहिले आणि घुमटाकडे तोंड करून नवस बोलल्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्या खाऊन किती दिवस झाले!"

त्याच्या पुढच्या रविवारी दारात एक ओली टोपली होती. वर हिरवी पानं दाबलेली. हे नाचत ती आत घेऊन आले आणि मी पानं बाजूला सारली.

खालचं झाकण कुणी बांधलंच नव्हतं. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, जिवंत होत्या, ताज्या, रागावलेल्या, आणि त्या सगळ्या एकदम बाहेर आल्या. खाडीकाठच्या माणसाला चिंबोरी धरायची कशी ते शिकवावं लागत नाही. पण ती धरायची तर तिला आधी कोपऱ्यात घालावं लागतं. आमच्या खोलीत कोपरा कुठून आणायचा? चिंबोऱ्या भिंतीच्या कडेनं आडव्या आडव्या पळत सुटल्या, त्यांच्यामागे हे, आणि मी खाटेवर उभी राहून ओरडतेय, "डावीकडे! अहो, उजवीकडे! परत आली!" हे दोन फेऱ्या मारून स्वतःच्याच मागे पळू लागले. एक चिंबोरी माझ्या पदराला लटकली. मी किंचाळले. हे धावत आले ते तांब्यावर पडले. हसून हसून माझ्या पोटात कळ आली, आणि मी घाबरून हसणं थांबवायला गेले तर आणखीच हसू आलं.

शेवटची एक, सगळ्यांत मोठी, ट्रंकेमागच्या त्या पोकळीत शिरली. ह्यांनी ट्रंक ओढली. मागे भिंतीला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, गादीवर आडव्या झालेल्या माणसाच्या तोंडाशी येईल असं, लाकडाचं एक छोटं दार होतं. सागवानी आच्छादनात इतकं बेमालूम बसवलेलं की आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं आणि चिंबोरीचा एक नांगा आत. ह्यांनी तिला ओढून काढलं. आत पितळेच्या नळीचं रुंद तोंड होतं, कर्ण्यासारखं.

"अगं," हे हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांना खजिना सापडलाय. "ही बोलायची नळी आहे! मी ऐकलंय ह्याबद्दल, पाहिली नव्हती कधी. शेठ इथं बसून खाली पेढीवर हुकूम सोडत असणार. इथं फुंकलं की तिथं शिट्टी वाजते."

आणि त्यांनी छाती भरून फुंकलं.

खालून, पृथ्वीच्या पोटातून आल्यासारखी, कर्कश शिट्टी ऐकू आली. मग काहीतरी पडल्याचा आवाज. मग एक माणूस खाकरला.

ते खाकरणं मी जन्मापासून ओळखत होते. मी जमिनीवर पालथी पडून नळीला कान लावला.

"तुमच्या त्या चिंबोऱ्यांमुळे झालं हे," बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट, कानात बोलल्यासारखा. "पोटुशी बाई वर, आणि तुम्ही जिवंत किडे पाठवता! चावलं तर?"

"चिंबोरी किडा नाय," दुसरा आवाज म्हणाला. हे माझ्याशेजारी पालथे पडले. आवाज त्यांच्या वडिलांचा होता. "आनि तुमची सुकी केली खाऊन काय अंगात रगत येतंय? मी म्हनतो तिला रस्सा पाजा."

"सुकेळी पौष्टिक असतात!"

"असतील. माकडाला."

"तुम्ही सरका आधी. मागच्या रविवारी पण नळीजवळ तुम्हीच बसला होतात. आज माझी पाळी."

"शांती, शांती," मेहताजींचा काकुळतीचा आवाज आला. "वर ऐकू जाय छे!"

आम्ही दोघं त्या नळीशी गालाला गाल लावून, श्वास धरून पडलो होतो. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्यानं हलत होते. आणि मग मला आठवलं. सासऱ्यांची चाल. मुंडाशाचं भोक. बाबांचं खाकरणं. ते सगळं रविवारीच, ह्याच खोलीत, ह्याच नळीच्या समोर, पोटभर हसत. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं, शेजारी शेजारी बसून. मला कानाच्या पाळीपर्यंत लाज आली.

मी नळीला तोंड लावलं. "बाबा," मी म्हटलं. "वर या ना."

पावलं धडपडल्याचं ऐकू आलं. आम्ही उठून खिडक्यांकडे धावलो, मी डावीकडे, हे उजवीकडे. बाबा कमानीखालून बाहेर पडले, गाडीत चढले आणि अर्धा माल उतरवायचा राहिला असतानाच बैल हाकू लागले. "माझे वडील तर पळतायत!" हे पलीकडून ओरडले. सासरे स्टेशनच्या रस्त्यानं खरोखर पळत होते, एका हातानं मुंडासं धरून.

मेहताजी धापा टाकत वर आले. हात जोडून उभे राहिले. आम्ही राहायला आल्यावर पहिल्या संध्याकाळी पेढीच्या भिंतीतून हसण्याचा आवाज आला तेव्हा ते भिंतीला नमस्कार करून बाहेर पळाले होते, म्हणाले. मग कळलं. मग त्यांनी नळीत चिंधी कोंबली. "पण एक रविवारी तुझे बापूजी आले, बेन. हिसाब झाला तरी उठेना. मग मी चिंधी काढली. तू वर गाणं म्हणत होती. त्यांनी डोळे पुसले. मग त्याच्या पुढच्या रविवारी ह्याचे बापा. एकाला ऐकू दिलं, दुसऱ्याला कसं नाही म्हणू?"

"आणि बाकीच्या वेळी?" ह्यांनी विचारलं.

"बाकीच्या वेळी चिंधी!" मेहताजींनी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ठेवावाच लागला.

आम्हाला वाटलं होतं, आता दोघं कधीच यायचे नाहीत. पण मेहताजींच्या पोटात गोष्ट राहत नाही आणि बाजारातल्या बायांच्या तर नाहीच. आठवड्याच्या आत सांडोरला माझ्या आईला कळलं आणि खाडीपलीकडे सासूबाईंना कळलं की आपापले नवरे दर रविवारी जाऊन पोरांचा आवाज ऐकून येतात, आणि घरी येऊन तोंड वाकडं करून बसतात. आपल्याला मात्र म्हणतात, त्यांचं नाव काढू नका.

पुढच्या रविवारी डावीकडून बाबांची गाडी आली तिच्यात पुढं आई बसली होती, लाल काठाचं लुगडं नेसून, ताठ. उजवीकडून एक ठेंगणी, काळीसावळी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन झपाझप येत होती, आणि तिच्या बऱ्याच मागून सासरे. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. कोपऱ्यावर, कापलेल्या दाराशी, दोघी एकाच क्षणी पोचल्या. मी मधल्या खिडकीतून वाकून बघत होते. ह्यांनी मला मागून धरलं होतं.

आई थांबली. ती बाई थांबली. आईनं तिचं नाक बघितलं असणार. ह्यांचं नाक अगदी तस्संच आहे.

"तुम्ही मास्तरांच्या आई का?" आईनं विचारलं.

"हां. आनि तुम्ही मास्तरनीच्या."

"चला ना आत."

"तुम्ही व्हा फुडं. तुम्ही मोठ्या."

"मी कसली मोठी? मुलाची आई तुम्ही."

"पोर तुमची हाय वर, जड अंगाची."

बाजार थांबून बघत होता. मग सासूबाईंनी वैतागून दाराचा दुसरा अडसर काढायला लावला, जो कधी काढत नसत, आणि दोन्ही फळ्या उघडून दोघी एकदम आत शिरल्या. बाप दोघं रस्त्यात उभे राहिले, गाड्यांकडे बघत.

जिना वळणावळणाचा होता. आईला घेरी आली. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला वर आणलं. दार उघडल्यावर दोघी उंबऱ्यात थबकल्या. आईनं डोळे फिरवत सगळी खोली बघितली आणि पहिलं वाक्य काय बोलली तर, "अगं, देव कुठं मांडलेस?"

मग ती रडली. मी रडले. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी गाठोडं सोडलं, माझ्या तोंडावरून खरखरीत हात फिरवला आणि म्हणाल्या, "चक्कर येतंय?"

"येते. पण खोलीच गोल आहे, आत्या, नीट कळत नाही."

त्या एकदम हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे भांडं पडल्यासारखं. खोलीभर फिरून आलं. "पानी दे पोरी," त्या म्हणाल्या, "आनि त्या दोघांना हाका मार. उनात काय करतायत?"

हे खिडकीकडे निघाले, पण आई म्हणाली, "ती नळी कुठंय?" ह्यांनी दाखवली. आई खाली बसली, पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याला हुकूम केला. "मेहताजी, त्या दोघांना सांगा. पाच मिनिटांत वर आले नाहीत तर आम्ही दोघी इथंच राहणार. स्वयंपाक त्यांनी करावा."

बाप वर आले. बाबा माझ्याकडे न बघता घुमटाकडे बघत म्हणाले, "काम चांगलं केलंय हो जुन्या लोकांनी." सासरे म्हणाले, "हो. पत्रा अजून धरून हाय." मग सासऱ्यांनी माझ्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मी चालतो तसा का? कमरेवर हात ठेवून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि बाबांना खोकल्याची उबळ आली, आणि मग सगळेच हसत सुटलो.

पावसाळा संपता संपता मुलगी झाली. बारसं त्याच खोलीत करायचं ठरलं, कारण दोन्ही घरं म्हणाली आमच्याकडे, आणि तिसरी जागा हीच होती. पाळणा घुमटाच्या मध्यावरच्या आकड्याला टांगला. तिथं पूर्वी शेठचं हंड्यांचं झुंबर असे. दोन्हीकडच्या बाया भिंतीला पाठ लावून बसल्या. मुख्य जागा कुठली, पहिला मान कुणाचा, हे कुणालाच ठरवता येईना, आणि मग ते ठरवायचं राहूनच गेलं. मुलीच्या कानात माझ्या नणंदेनं एक नाव सांगितलं आणि माझ्या मावशीनं दुसरं. तिला दोन्ही आवडली. आजही ती सांडोरला एका नावानं जाते आणि खाडीकडे दुसऱ्या.

जेवणं उरकली. दुपार कलताना आई खाली बघून म्हणाली, "अरे, गाडी कुठं चालली?" आम्ही डाव्या खिडकीशी गेलो. बाबांची बैलगाडी सांडोरच्या रस्त्याला लागली होती आणि पुढं बाबांशेजारी सासरे बसले होते. बोलत, हातवारे करत. बाबा त्यांना आपली बाग दाखवायला घेऊन निघाले होते. आपापल्या बायका वर आहेत, हे दोघंही साफ विसरले होते. आईनं हाका मारल्या, सासूबाईंनी मारल्या, सोडावॉटरवाल्यानं मारल्या. गाडी वळणाआड गेली.

"ऱ्हावं लागंल," सासूबाई म्हणाल्या आणि पाय पसरून बसल्या. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

बाळ झोपलं होतं. पाळण्याचा दोर हातात घेऊन सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या. हे एकदम म्हणाले, "आय, हा धवला ना?"

"मंग? तुज्या लग्नात म्हनायचा राह्यला. वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नात म्हनते मी, आनि माज्या पोराचं लगीन झालं ठान्याच्या कचेरीत." आणि त्यांनी गळा मोकळा सोडला. लग्नाचं गाणं ते. नवऱ्यामुलाला हळद लावतात तेव्हाचं. आई ऐकत राहिली. तिचे ओठ हलू लागले. मग ती म्हणाली, "आमच्याकडे पण आहे हे. चाल वेगळी आहे जरा." आणि तिनं आमच्या गावचं सुरू केलं. एक कडवं ही, एक ती. घुमट दोन्ही चाली एकत्र करून परत पाठवत होता. बारशाची हळद ताटात उरली होती. सासूबाईंनी ती माझ्या गालांना लावली, आईनं ह्यांच्या. हे लाल झाले. आम्हाला खाटेवर शेजारी शेजारी बसवलं, डोक्यावर तांदूळ पडले, शेंगदाणे पडले, जे हाताला लागलं ते पडलं. खाली टांगेवाले जमून वर बघत होते. मेहताजींनी सगळ्यांना पेढे वाटले असं नंतर कळलं. कशाचे ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. दोघं बाप जिना चढून आले, बागेच्या गप्पांत रंगलेले. सासऱ्यांच्या काखेत केळीची दोन रोपं होती. दारात येऊन दोघं थांबले. जमिनीवर तांदूळ, आमचे गाल पिवळे, आया दोघी दमून भिंतीला टेकलेल्या.

"काय झालं इथं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली.

"काय नाय," सासूबाई म्हणाल्या.